परसाचा बेत

माघ महिना सरत आला की थंडीचा कडाका ओसरू लागतो. पहाटे गारवा असतो. परंतु दुपारचे ऊन अंगाला चटके देऊ लागते. परसातील मेथी फुलावर येते, मुळ्याला शेंगा धरतात, वालाचे वेल पिवळे पडतात आणि झाडांखाली वाळलेल्या पानांचा सडा पडतो. हिवाळी भाजीपाला संपला, आता पावसाळ्यापर्यंत परसात करण्याजोगे काही उरले नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः परसाचा वर्षाचा बेत आखण्याची हीच खरी वेळ होय; कारण आता जे लावावयाचे, त्याला चैत्र-वैशाखाच्या कसोटीतून पार पडावयाचे असते.

मुलांनो, ह्या बेतासाठी कुदळीच्या आधी कागद व पेन्सिल हाती घ्यावी. उदाहरणादाखल पुण्याजवळच्या एखाद्या गावातील घर घेऊ. घराच्या उत्तरेस परसू आहे. घराची मागची भिंत ३ मीटर उंच आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात न्हाणी आहे आणि पश्चिमेच्या कडेला एक जुना कडुनिंब आहे. प्रथम कागदावर चार दिशा लिहा. नंतर भिंत, न्हाणी, झाड आणि वाफे जागच्या जागी काढा. आता ह्या नकाशावर सावली दाखवावयाची आहे.

सावली वर्षभर एकसारखी राहत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास भर मध्यान्हीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. त्या वेळी ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेस सुमारे २.७ मीटर लांब पडते. २० फेब्रुवारीच्या सुमारास ती १.७ मीटरवर येते. पुढे १३ मेच्या आसपास सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडेच असतो. ह्याचा अर्थ ध्यानात घ्या. भिंतीलगतचा जो वाफा हिवाळाभर गारव्यात होता, तोच वैशाखात उन्हाने भाजून निघणार आहे. माघातील सावली पाहून तेथे नाजूक पालेभाजी लावणाऱ्याची फसगत होते. तेथे मांडव घालावा आणि त्यावर दोडका, कारले किंवा दुधी भोपळा चढवावा. वेलींना ऊन मिळते आणि खालच्या जमिनीला सावली लाभते. ह्या वेलींचे बी कडाक्याच्या थंडीत नीट उगवत नाही. म्हणून थंडी ओसरताच, फेब्रुवारी संपण्यापूर्वी, ते लावावे. भेंडी आणि गवार ह्यांचीही पेरणी ह्याच दिवसांत करतात.

आता पश्चिमेच्या कडुनिंबाकडे वळू. हिवाळ्यात दुपार कलली की त्याची सावली वाफ्यांवर येते आणि मेथी-कोथिंबिरीची वाढ मंदावते. फाल्गुनात त्याची पाने गळतात आणि अंगणात केर होतो. अशा वेळी घरातील कोणी म्हणते, “हे झाड तोडून टाकू, जागा मोकळी होईल.” हे बोलणे अगदीच खोटे नाही, जागा खरोखरच मोकळी होईल. परंतु निर्णय माघात घ्यावयाचा असला, तरी हिशेब बारा महिन्यांचा करावयास हवा. गुढीपाडव्याच्या सुमारास कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते आणि वैशाखात तो दाट होतो. त्या महिन्यात दुपारचे पश्चिमेचे ऊन सर्वांत तापदायक असते, आणि ते हेच झाड अडवून धरते. वाफा चुकीच्या जागी केला, तर पुढील वर्षी तो हलविता येतो. बी चुकले, तर दुसरे पेरता येते. पण पंचवीस वर्षांचे झाड एका सकाळी तोडले, तर तेवढी सावली पुन्हा मिळविण्यास पंचवीस वर्षेच लागतात. शहरात तर परवानगीशिवाय झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मनाई केलेली आहे. तेव्हा आधी वाफा हलवून पाहावा, आड येणारी एखादी फांदी रीतसर छाटावी. झाडावर कुऱ्हाड चालविण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

सावलीनंतर पाण्याचा हिशेब येतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर म्हणजे १ लिटर पाणी होय. वैशाखात भाजीच्या वाफ्यातून दिवसाकाठी ५ ते ६ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. म्हणजे एका चौरस मीटरला दररोज ५ ते ६ लिटर पाणी हवे. समजा, घरातून वाफ्यांसाठी रोज १५ लिटरच्या चार बादल्या, म्हणजे ६० लिटर पाणी निघते. तेवढ्यावर १० ते १२ चौरस मीटर भाजी जगेल. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेवढी सारी जागा लावणाऱ्यास रोज तेहतीस ते चाळीस बादल्या पाणी आणावे लागेल! माघात विहिरीला पाणी असते, म्हणून हात सैल सुटतो. वैशाखात घरातल्या कोणाला तरी, बहुधा आईला किंवा थोरल्या बहिणीला, त्याचे ओझे वाहावे लागते. म्हणून पाणी पाहून वाफे मोजावेत. न्हाणीचे पाणी चर काढून केळीकडे वळवावे. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांस घालावे.

पाण्याची बचत करणारा एक पदार्थ तर निसर्ग ह्याच दिवसांत आपल्या दारी आणून टाकतो. तो म्हणजे पाचोळा. पुष्कळ लोक तो पेटवून देतात. त्याऐवजी वाफ्यातील मातीवर त्याचा चार बोटे जाडीचा थर पसरावा. मात्र रोपाच्या खोडाला तो चिकटू देऊ नये. ह्या आच्छादनाने माती तापत नाही आणि ओल टिकून राहते. उरलेला पाचोळा खड्ड्यात शेणाबरोबर कुजवावा. त्याचे उत्तम खत होते. ज्या केराचा कंटाळा येऊन झाड तोडावयास निघालो होतो, तोच केर अशा रीतीने परसाच्या उपयोगी पडतो.

नवे झाड लावण्याचा मनोदय असेल, तर त्याची जागा आताच नक्की करावी. पण घाईने रोप लावू नये. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणावा, तो उन्हात तापू द्यावा, पावसापूर्वी माती व खताने भरावा आणि पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे.

ज्यांच्या घराला परसू नाही, त्यांनी सज्जातील चार कुंड्यांचा असाच बेत करावा. ऊन व पाणी ह्यांचे नियम तेथेही तेच आहेत. तुमच्या नकाशावर आजची तारीख घाला आणि तो जपून ठेवा. वैशाखात तो पुन्हा उघडा आणि सावलीच्या रेषा कोठे सरकल्या ते पाहा. पुढील माघात दुसऱ्या कोणास विचारण्याआधी तुम्हांस हा कागदच सल्ला देईल.

अभ्यास

१. भिंतीलगतच्या वाफ्यात माघातील सावली पाहून पालेभाजी का लावू नये?
२. तुमच्या घरातून रोज तीन बादल्या पाणी वाफ्यांसाठी निघत असेल, तर वैशाखात किती चौरस मीटर भाजी जगेल? हिशेब करा.
३. एक मीटर उंचीची काठी अंगणात सरळ रोवा. साडेबारा ते एकच्या दरम्यान तिची सर्वांत आखूड सावली दर पंधरवड्यास मोजून वहीत नोंदवा.
४. ‘झाड तोडावे की ठेवावे?’ ह्या विषयावर दोन्ही बाजू मांडून दहा ओळी लिहा.