अर्जावरचं कारण

फेब्रुवारी सरत आला की माझ्या टेबलावर रजेचे अर्ज यायला लागतात. ‘घरी लग्नकार्य असल्याकारणाने माझा मुलगा आठ दिवस शाळेत येऊ शकणार नाही, तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ खाली वडिलांची झोकदार सही. अर्ज देणारा पाचवीतला मुलगा माझ्याकडे न बघता फळ्याकडे बघत उभा. मधली सुट्टी होईपर्यंत वर्गाला सगळं कळलेलं असतं. लग्नबिग्न काही नाही, हे मॉरिशसला चाललेत. एकाच्या मावशीचं तर दोन वर्षांत दोनदा लग्न लागलं, एकदा बालीला आणि एकदा फुकेतला.

सुट्टीबाहेर तिकीट स्वस्त पडतं, एवढं मलाही कळतं. आठ दिवसांत काही अपूर्णांक बुडत नाहीत, बुडाले तर मी बसवून घेते. खटकतं ते एवढंच, की पहिल्या मोठ्या प्रवासाची तयारी म्हणून त्या पोराने सगळ्यात आधी एक थाप पाठ केली. पालकसभेत हे बोलायचं राहून जातं, तिथे वह्या-पुस्तकांतच तास संपतो. म्हणून आज इथे, जरा मनातलं.

तुम्ही सहल कशी आखता ते मला मुलांकडूनच कळतं. (मुलं सगळं सांगतात, हे लक्षात असू द्या.) पोरं झोपली की आईबाबा हॉलमध्ये मोबाइलवर हॉटेलं बघत बसतात. कुणी उठून विचारलंच तर ‘काही नाही, झोप.’ मग एके दिवशी ‘सरप्राइज!’ हे सरप्राइजचं खूळ कुठून आलं कोण जाणे. वाढदिवसाचा केक लपवा की खुशाल. पण साडेचार हजार किलोमीटरहून लांबचं बेट सहा-आठ महिने पोरापासून लपवायचं, म्हणजे त्याच्या वाटणीचे सहा-आठ महिने आपणच गिळायचे. प्रवास पाच-सहा रात्रींचा. त्याची वाट बघणं केवढं मोठं!

आमचंही एकदा असंच झालं होतं. मुलगी लहान असताना आम्ही मॉरिशसला गेलो, एका पॅकेजबरोबर. कुठल्या, ते जाऊ द्या. पाच दिवसांत अकरा ठिकाणं. शामारेलच्या सात रंगांच्या मातीकडे जाणाऱ्या वळणांवर मुलीला तीनदा उलटी झाली. राजधानीतल्या, पोर्ट लुईतल्या, आप्रवासी घाटासमोर बस थांबली आणि गाइड म्हणाला, ‘फोटो काढा, दहा मिनिटं.’ मी पिशवीत ओले कपडे कोंबत होते, खाली उतरलेच नाही. आज मुलगी पंचविशीची आहे. तिला त्या देशातलं काय आठवतं, तर हॉटेलच्या भिंतीवरची हिरवी पाल. जमलं असतं तर मी दहा ठिकाणं गाळली असती आणि त्या घाटावर अर्धा दिवस बसले असते. का, ते पुढे सांगते.

गेल्या वर्षी इथल्या, पनवेलच्या, खांदा कॉलनीतल्या एका आईने माझं ऐकलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिने मुलाच्या हातात दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, ‘मे महिन्यात मॉरिशस. शोधून काढ, कुठे आहे ते.’ तो वही घेऊन माझ्याकडे आला. आम्ही पृथ्वीच्या गोलावर दोरा लावला. पनवेल विषुववृत्ताच्या वर १९ अंशांवर, पोर्ट लुई खाली २० अंशांवर. गोल मध्ये दुमडता आला असता तर दोन्ही गावं जवळजवळ एका ओळीत आली असती. मी म्हटलं, मग आपल्याकडे मे महिन्यात उन्हाळा, तर तिकडे काय? तो विचार करत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं, ‘स्वेटर.’

बरोबर लिहिलं होतं त्याने. बेट म्हटलं की आपण गॉगल आणि बर्म्युडा भरतो. पण मे उजाडला की तिथला हिवाळा जवळ येतो. किनाऱ्यावर हवा छान असते, मात्र मधल्या पठारावरच्या क्युरपीपला बारीक पाऊस आणि गारवा. डिसेंबर-जानेवारीत जायचं तर तो वादळांचा हंगाम, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त भरवशाचा नाही. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी तिथे जायला उत्तम आहे, मावशीचं लग्न लावायची काही गरज नाही. तिकडच्या हिवाळ्यात आग्नेयेकडून वारे सुटतात, पूर्व किनारा त्यांच्या तोंडावर येतो. लहान मुलं बरोबर असतील तर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला किंवा उत्तरेला ग्रां बेच्या बाजूला राहावं.

समुद्राचं मात्र जरा सविस्तर बोलते. आपल्या मुलांना समुद्र माहीत आहे तो किहीम-रेवदंड्याचा. ओहोटीला पार लांब जाणारा, भरतीला गुडघ्यावरून कमरेवर कधी आला ते न कळणारा. मॉरिशसभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी आपल्या वडाळे तळ्यासारखं निवांत असतं. भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन फुटांच्या आतला. त्यामुळे आईबाप निर्धास्त होतात आणि तिथेच चुकतं. भिंतीला जिथे फट असते तिथे पाणी जोरात बाहेर ओढतं. दक्षिणेला ग्री-ग्रीला तर भिंतच तुटलेली आहे, तिथे फक्त बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. तळाला प्रवाळ टोचतो, काटेरी समुद्री साळू असतात, म्हणून पायात रबरी बूट हवेतच. आणि प्रवाळाचा तुकडा, शंख काही उचलून आणायचं नाही, कायद्याने बंदी आहे. हे विमानात नका सांगू, आधी महिनाभर सांगा. म्हणजे पोरगं तिथे तुम्हालाच सांगेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर तिथे पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो आपल्या दहा वर्षांच्या हिशेबाने कपाटात पडून राहतो आणि ऐन वेळी संपलेला निघतो. फी मोठ्यांना १५००, लहानांना १०००. मूल १ ऑक्टोबर २०२३चं किंवा त्यानंतरचं असेल तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. बाकी सगळं सोपं, फक्त नावाचं स्पेलिंग सोडून. त्या खांदा कॉलनीच्या घरी मुलाच्या नावात दाखल्यावर एक ‘ए’ आणि आधारवर दोन. दीड महिना गेला त्या एका ‘ए’पायी. आई वैतागली, बाबा कचेरीत हेलपाटे घालून दमले. आणि वही घेऊन बसलेल्या पोराला आजीने विचारलं, ‘तिथे आपलं कुणी आहे का रे?’

आजी गुहागरकडच्या. लांब जायचं तर तिथे कुणीतरी आपलं असावं, एवढाच त्यांचा प्रश्न. बाबा हसले. मुलाने मला येऊन विचारलं, आणि माझा तो अर्धा दिवस मला परत मिळाला.

आहेत की आपले! गुलामी बंद झाल्यावर तिथल्या ऊसमळ्यांना माणसं हवी होती. १८३४ पासून पुढे साधारण १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर हिंदुस्थानातून गेली. ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं, आणि गिरमिटावरचा तो गिरमिटिया. बहुतेक बिहारकडचे, काही तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले. शिडाच्या जहाजातून आठवडेच्या आठवडे. १८४९ पासून ही माणसं पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरत तिथून वर यायला सोळा दगडी पायऱ्या आहेत. तोच आप्रवासी घाट. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. वर आल्यावर कारकून नाव, गाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण लिहून घेई. त्याच्या कानाला जे ऐकू येईल ते स्पेलिंग. कित्येकांच्या बापाचं किंवा आज्याचं नुसतं नावच पुढे आडनाव झालं आणि तेच आजही पासपोर्टवर आहे. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, ‘बाई, म्हणजे माझ्या दोन ‘ए’सारखंच.’ त्यानंतर घरी त्या ‘ए’वरून कुणी चिडलं नाही म्हणे.

पश्चिमेला कास्कावेल गावात महाराष्ट्र भवन आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. मराठी शाळेत शिकवतात, पण घरात बहुतेक क्रिओलच बोलतात, तेव्हा ‘आपले लोक’ भेटले की ते आपल्याशी घडाघडा मराठी बोलतील असं मुलांना सांगून ठेवू नका. आजींना मात्र दुसरीच गोष्ट भावली. गणपतीत आपल्याकडे होतो तो जाखडी नाच तिकडच्या मराठी मंडळींनीही जपलाय. ‘मग मी येते,’ म्हणाल्या. तोवर गुडघ्यांमुळे त्यांचं नाव यादीत नव्हतं. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास. मधे दोनदा उठून चालायचं ठरलं आणि चौथं तिकीट निघालं.

चौथं तिकीट निघालं म्हणून पैशांचं बोलणं निघालं. हे मला सगळ्यात आवडलं, कारण तेही जेवणाच्या ताटावर झालं. आई आकडे सांगत होती, मुलगा वहीत लिहीत होता. तिकडचा रुपया आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून तिकडची प्रत्येक किंमत दोनने गुणायची. पॅकेज घेतलं तर टीसीएस नावाचा कर कापतात, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, हे बाबांनी समजावलं. मग बाबा म्हणाले, उरलेले हप्त्यांनी देऊ. मुलाने विचारलं, ‘म्हणजे आपण परत आल्यावर पण मॉरिशसचे पैसे देत बसायचं?’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. सात रात्रींच्या पाच केल्या, पॅराग्लायडिंग की पॅरासेलिंग जे काय ते मुलाने स्वतः खोडलं, एक दिवसाआड जेवणाऐवजी रस्त्यावरची धोलपुरी लिहिली. आपल्या पुरणपोळीची ती बिनगुळाची बहीण: पातळ पोळीत डाळ, वर घेवड्याची उसळ आणि चटणी, कागदात गुंडाळून. खोडलेली ओळ मी वहीत पाहिली, पेनाने तीन वेळा गिरवून खोडलेली. दुःख झालं असणार. पण ती त्याने खोडली होती, त्याच्यापासून कुणी लपवली नव्हती.

आता एक विनंती, थोडी कडू वाटेल. परत आल्यावर वर्गाच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पाडू नका. माझ्या वर्गात अशीही मुलं आहेत ज्यांच्या आजोबांची भातशेती उलव्याच्या विमानतळाखाली गेली. गेल्या डिसेंबरपासून तिथून विमानं उडतात, ती पोरं खिडकीतून बघतात, त्यांच्या घरचं अजून कुणी आत बसलेलं नाही. ‘मी सुट्टी कशी घालवली’ हा निबंध मी कधीच बंद केला. आता विषय देते ‘सुट्टीत ऐकलेला एक नवा शब्द’. त्यात मॉरिशसचा मुलगा आणि आजोळी वहाळला गेलेली मुलगी दोघांनाही सारखंच लिहिता येतं. गेल्या खेपेला सगळ्यात भारी शब्द वहाळच्या मुलीचाच होता.

निघायच्या आठवडाभर आधी मी त्या मुलाला एक काम दिलं होतं. गच्चीवर जा, हात ताठ करून उत्तरेच्या क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोज, तिथे ध्रुव. इथल्या उजेडात तो सापडेपर्यंत मान मोडते, पण सापडतो. मग दक्षिणेला त्रिशंकू बघ, इमारतींच्या आड अगदी खाली असेल. तिथे गेल्यावर दोन्ही परत शोध आणि लिही. आजी, बाबा, आई सगळ्यांनी मुठी मोजल्या म्हणे, प्रत्येकाचा ध्रुव वेगळ्या ठिकाणी.

जूनमध्ये शाळा उघडली. त्याने चॉकलेटं आणली नव्हती, वही आणली होती. मधल्या पानांवर धोलपुरीचा तेलकट डाग, घाटाच्या पायऱ्यांचं चित्र (सतरा काढल्यात, आजीला धरून उतरताना एक जास्त मोजली गेली असेल), आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने:

‘त्रिशंकू खूप वर. सप्तर्षी खाली. सप्तर्षीचे दोन तारे जमिनीत बोट दाखवतात. ध्रुव नाही. बाबांनी पण शोधला.’