त्या मुलांचे आईबाप कुठे आहेत?

सातारा

चि. मुक्ता,

काल रात्री वहिनीचा फोन आला. मुक्ता मे महिन्यात काठमांडूला चाललीय, तीन आठवडे अनाथाश्रमात सेवा करायला, पैसेही भरून झाले, असं ती कौतुकाने सांगत होती आणि इकडे माझ्या पोटात गोळा आला. मग तिने त्या संस्थेचं पत्रक पाठवलं. 'अनुभवाची गरज नाही, फक्त प्रेम हवं.' अगं, माझी सगळी नोकरी मुलींच्या बालगृहात गेली. अनोळखी माणसाला आम्ही ऑफिसच्या पुढे पाऊल टाकू देत नव्हतो. तुला ही मंडळी पोरांना आंघोळ घालायला, निजवायला नेणार आहेत. तुझ्याकडे पोलिसांचा दाखला तरी मागितला का? तीन आठवड्यांचे पैसे तेवढे मागितले. याचा तुला संशय कसा आला नाही?

आणि मुख्य म्हणजे, त्या मुलांचे आईबाप कुठे आहेत, हे विचारलंस का?

नेपाळात 1996 ते 2006 माओवाद्यांचं युद्ध चाललं. वायव्येकडच्या टोकाला हुमला जिल्हा आहे. तिथल्या गावागावांत दलाल फिरले. तुमचं पोर काठमांडूत शिकेल, माओवादी त्याला उचलून नेणार नाहीत, असं सांगून त्यांनी आईबापांकडूनच पैसे घेतले आणि मुलं खाली आणली. काठमांडूत कागद असे रंगवले की आईबाप मेलेले. कोनर ग्रेनन नावाचा अमेरिकन मुलगा 2004 साली तुझ्यासारखाच हौसेने गोदावरीच्या एका बालगृहात गेला होता. ही सगळी अनाथच आहेत, असं त्यालाही वाटलं होतं. मग एक दिवस दोन मुलांची आई दारात उभी राहिली. पुढे तो डोंगर तुडवत हुमलात गेला, मुलांची घरं शोधली. 'लिटल प्रिन्सेस' हे त्याचं पुस्तक मिळव आणि निघायच्या आधी वाच.

युद्ध संपलं म्हणून हे थांबलं नाही. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर मुलांना पालकांशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला नेपाळ सरकारला बंदी घालावी लागली. नेपाळातली बहुतेक बालगृहं कुठे आहेत बघ. काठमांडू खोरं, पोखरा, चितवन. जिथे पर्यटक, तिथे अनाथ. मुलं काय तिथेच पोरकी होतात? पाहुणा पैसे भरतो ते मूल तिथे आहे म्हणून, मग त्या मुलाला घरी कोण पाठवेल? ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार त्यात धरला गेला. नेपाळच्या स्वतःच्या 2018 च्या बालकायद्यातही बालगृह हा शेवटचा उपाय आहे, आधी घर आणि नातेवाईक.

सगळीच बालगृहं अशी नसतात. आमचं नव्हतं. तरीसुद्धा सांगते. एका दिवाळीला कॉलेजच्या मुली आमच्याकडे आल्या होत्या, मनाने फार चांगल्या. त्यांनी एका सहा वर्षांच्या पोरीच्या लाल रिबिनी लावून दोन वेण्या घातल्या आणि जाताना म्हणाल्या, "येऊ हं परत." पोरगी रात्री वेण्या सोडू देईना. केसांच्या जटा झाल्या, डोकं खाजायला लागलं, तरी नाही. रविवारी सकाळपासून फाटकाशी उभी. शेवटी मी मांडीवर घेऊन, तेल लावून एकेक बट सोडवली. ती रडली नाही. पुढच्या वर्षी दुसरे पाहुणे आले, तेव्हा पाच मिनिटांत त्यांच्या गळ्यात पडली. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. मला त्याचीच धास्ती वाटली. कुणाच्याही गळ्यात पडणारं पोर कुणाहीबरोबर जातं, मुक्ता. तुझ्या तीन आठवड्यांनंतर दुसरी मुलगी येणार, तिच्यानंतर तिसरी.

फार बोलले का? तू घरात बसावंस असं मला मुळीच वाटत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे! 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात कॉलेजात होते. वर्गातली पोरं ट्रकमध्ये बसून निघाली. माझी पिशवी भरलेली होती. अण्णांनी दारातच अडवलं. पोरीच्या जातीला तिथे काय काम, म्हणाले. अण्णांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मैत्रिणी परत आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या, आणि मी त्यांच्या वह्या उतरवून देत बसले. ती पिशवी रिकामी करतानाची चरचर अजून जात नाही. म्हणून तुझ्या वाटेत मी कधी उभी राहणार नाही.

पण तू स्थापत्यची विद्यार्थिनी आहेस गं! किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं कोसळून. नेपाळच्या खेड्यांतही दगडमातीचीच घरं पडली, 2015 ला आणि पुन्हा नोव्हेंबर 2023 मध्ये जाजरकोटला. भिंतीत आडवे पट्टे घालून तशीच घरं पुन्हा कशी उभी करतात, हे तिथल्या गवंड्यांच्या हाताखाली शिक, मोजमापं घे, नकाशे काढून दे. तुझ्या प्राध्यापकांना विचार, ओळखीचं कुणीतरी निघेलच. आणि त्या संस्थेला आजच लिही: आईबापांचा शोध घेता का, मुलं घरी पाठवता का, पाठवली तर किती? उत्तर गोलमोल आलं तर पैसे बुडू देत. मी देईन. दादाला सांगायची गरज नाही.

आणि जायचं नक्की झालं की मला कळव. वरच्या गावांत मे महिन्यातही रात्री गारठा असतो, माझा राखाडी स्वेटर घेऊन जा, तुला तो लहानपणापासून हवा आहे. मेतकूट आणि लसणीची चटणी करून ठेवते. वहिनी एकटी पडली की काळजी करत बसते, तेवढे दिवस मी पुण्याला येऊन राहीन. तू रोज नको, पण एक दिवसाआड फोन कर. रागावले म्हणून रुसून बसू नकोस, लगेच उत्तर लिही.

तुझी,
आत्या