हरित हायड्रोजनमध्ये करिअर : आधी शाखा, मग हायड्रोजन

भर दुपारी सौरवीज जोरात तयार होते, पण कधी कधी ग्रिडला तेवढी नको असते. अशी जादा वीज इलेक्ट्रोलायझरला देऊन पाण्याचं विघटन केलं, की हरित हायड्रोजन मिळतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचं मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, हे त्याचं उद्दिष्ट. तेव्हापासून ‘हायड्रोजनची डिग्री कुठे मिळते?’ ही विचारणा वाढली आहे.

या क्षेत्रात नोकऱ्या टिकतील का, ही पालकांची धास्ती रास्त आहे. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. फक्त उरलेल्या विजेवर विसंबलं, तर महागडी यंत्रं बराच वेळ बसून राहतात. त्यामुळे हा वायू अजून महाग पडतो आणि प्रकल्प लांबणीवर पडू शकतात. म्हणून हायड्रोजनची नव्हे, केमिकल, इलेक्ट्रिकल अशा मूळ शाखेची पदवी घ्या. ती खत कारखान्यात, रिफायनरीत, औषध कंपनीतही चालते.

कोणाला कोणतं काम?

केमिकल इंजिनीअर प्रक्रिया आखतो. इलेक्ट्रिकलवाला कमीजास्त होणाऱ्या विजेवर प्लांट कसा चालवायचा, ते पाहतो. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याचं काम जोखमीचं : या वायूला वास नाही, ज्योतही दिवसा जवळपास दिसत नाही, त्यामुळे गळती सेन्सरनेच पकडावी लागते. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. तिथे मेटलर्जी आणि वेल्डिंगची तपासणी जाणणारे हवेत. संशोधनाची ओढ असेल, तर रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) किंवा मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) गाठता येते.

दहावीनंतर आयटीआय?

जरूर. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) हे ट्रेड इथे थेट कामी येतात. ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीने मध्य प्रदेशातल्या विजयपूरला १० मेगावॉटचा हरित हायड्रोजन प्लांट उभारला आहे. क्षमता दिवसाला ४.३ टन. असे प्लांट चालवायला आणि राखायला कुशल हात लागतातच.

फी भरण्याआधी

‘हायड्रोजन’ नावाचा महागडा सर्टिफिकेट कोर्स समोर आला, तर तीन गोष्टी विचारा : मान्यता कोणाची? प्रत्यक्ष प्लांटवर किती दिवस? मागच्या बॅचची मुलं कुठे लागली? उत्तरं गुळमुळीत वाटली, तर तेच पैसे मूळ शाखेच्या चांगल्या कॉलेजसाठी ठेवा. हायड्रोजनचं विशेष शिक्षण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधून किंवा अप्रेंटिसशिपमधूनही घेता येतं.