बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतले, तर पुढे काय?

तत्त्वज्ञानाची पदवी थेट एखाद्या नोकरीशी जोडलेली नसते, हे प्रवेशाआधीच ध्यानात घेतलेले बरे. अभ्यासक्रमात तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय व पाश्चात्त्य दर्शने असतात. खरा कस लागतो तो पूर्वपक्षात: न पटणारे मतही आधी भक्कमपणे मांडायचे, मगच खोडायचे. उदाहरणार्थ, धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायाला, प्रत्यक्षच प्रमाण मानणारा चार्वाक विचारतो, जगातला प्रत्येक धूर कुणी पाहिला आहे? एवढ्या एका प्रश्नावर अख्खा तास रंगतो. दोन्ही बाजू अशा तपासण्याची ही सवय पुढे तीन वर्षांच्या एलएल.बी.त, पत्रकारितेत, संपादनात कामी येते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. शिवाय नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच असते. प्राध्यापकीसाठी एम.ए.नंतर नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते; मात्र जागा मोजक्याच निघतात.