जुन्या मालवाहू पिकअपचा वाढता डिझेल खर्च : कारणे आणि निदान

धुळे, शिरपूर, सेंधवा या मार्गाने खानदेशाचा शेतमाल इंदूरकडे जातो. नर्मदा ओलांडून खलघाट मागे टाकला की निमाडचा सखल प्रदेश संपू लागतो आणि मानपूरचा घाट चढून वाहन माळव्याच्या पठारावर येते. इंदूरच्या चोइथराम मंडीत पहाटे लागणाऱ्या वाहनांच्या रांगेत मोठ्या ट्रकांइतक्याच संख्येने लहान पिकअपही दिसतात. यांतील अनेक पिकअप शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या भावाबंदांच्या मालकीच्या असतात, आणि बऱ्याच जुन्या झालेल्या असतात. मालाचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. वाहतुकीचा खर्च मात्र काही अंशी त्याच्या हाती असतो. म्हणूनच वाहन डिझेल जास्त का पिते, हा प्रश्न केवळ मिस्त्रीचा राहत नाही, तो घरखर्चाचा होतो.

तोट्याचा हिशेब

समजा, एका पिकअपला जाऊन-येऊन सुमारे ४०० किलोमीटरची फेरी पडते. लीटरला १३ किलोमीटर जाणाऱ्या वाहनास या फेरीसाठी सुमारे ३१ लीटर डिझेल लागेल. तेच वाहन लीटरला १० किलोमीटरवर आले तर ४० लीटर लागेल. फरक नऊ लीटरांचा. डिझेलचा दर लीटरला ९० रुपये धरल्यास एका फेरीत सुमारे ८०० रुपये आणि वर्षाच्या ५० फेऱ्यांत ४० हजार रुपये धुराबरोबर उडून जातात. बोलीत ज्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात त्याची घट हळूहळू होत असल्याने ती बहुधा उशिरा लक्षात येते.

प्रथम मोजणी, नंतर निदान

अंदाजावरून ॲव्हरेज ठरविणे चुकीचे होय. त्याच पंपावर, वाहन सपाट जागी उभे करून टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा, आणि पुढील वेळी पुन्हा टाकी पूर्ण भरून लागलेले लीटर मोजावेत. अशा किमान तीन नोंदींची सरासरी घ्यावी. किलोमीटरचा काटाही रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावा, कारण टायरचा आकार बदलल्यास काटा कमी-अधिक दाखवितो व इंजिनवर विनाकारण दोष येतो.

चढाची नोंद वेगळी ठेवणे आवश्यक आहे. तीन टन वजनाचे भरलेले वाहन ४०० मीटर उंचीवर नेण्यास सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लीटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल ऊर्जा असते व त्यातील साधारण ३० टक्केच चाकांपर्यंत पोहोचते. म्हणजे खोऱ्यातून पठारावर चढण्याचाच खर्च सुमारे एक लीटर होतो. तो दोष नसून निसर्गनियम आहे. म्हणून केवळ जाण्याचा हिशेब न करता जाण्या-येण्याच्या पूर्ण फेरीचा करावा, आणि भाराचीही नोंद ठेवावी.

इंजिन उघडण्यापूर्वी

ॲव्हरेज घटल्याबरोबर पंप किंवा नोझल काढण्याची घाई केली जाते. वस्तुतः अनेकदा दोष इंजिनाबाहेर असतो. टायर थंड असताना हवेचा दाब मोजावा व तो उत्पादकाने भारानुसार सांगितलेल्या आकड्याशी जुळवावा. दहा-बारा किलोमीटर चालवून, जोराने ब्रेक न लावता वाहन थांबवावे आणि चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असल्यास तेथील ब्रेक धरून राहतो. उच्च गिअरमध्ये चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत असण्याचा संभव असतो. एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला हवा अपुरी मिळते. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी ठरावीक काळाने काढून टाकावे. टाकी व नळ्यांखाली डिझेलचे डाग आहेत काय, हेही पाहावे.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिल्यास न जळलेले डिझेल किंवा ज्वलनकक्षात शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा.

संकेत काय सांगतो

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांत निदान मिस्त्रीच्या कानावर आणि हातावर अवलंबून असे. संगणकीय नियंत्रण आल्यावर वाहन स्वतःच काही दोषांची नोंद ठेवू लागले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या नमुन्यांपासून अशी व्यवस्था आवश्यक केली, आणि १९९६ पासून त्या देशातील मोटारगाड्यांना एकसमान संकेतपद्धती लागू झाली. भारतात भारत-४ मानकाच्या वाहनांना एप्रिल २०१० पासून पहिल्या आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याची ही व्यवस्था बंधनकारक झाली. भारत-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत-६ मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर अमलात आले.

डॅशबोर्डवरील इंजिनाच्या चित्राचा दिवा पेटला म्हणजे संगणकाच्या स्मृतीत दोषाची नोंद झाली असे समजावे. स्टिअरिंगखालील सोळा खुंट्यांच्या जोडणीला स्कॅनर लावल्यावर तो संकेत वाचता येतो. संकेतात एक अक्षर व चार आकडे असतात. ‘पी’ हे अक्षर इंजिन व शक्तिवहनासाठी आहे. त्यापुढील शून्य म्हणजे सर्व उत्पादकांना समान असलेला संकेत, तर एक म्हणजे उत्पादकाचा स्वतःचा. त्यानंतरचा आकडा विभाग दर्शवितो : १ किंवा २ असल्यास इंधन व हवा, ३ असल्यास ज्वलनातील खंड, ४ असल्यास प्रदूषण नियंत्रणाची साधने.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. संकेत लक्षण सांगतो, खराब झालेला सुटा भाग सांगत नाही. ताप आला हे तापमापक सांगतो, कशाने आला ते वैद्याला शोधावे लागते. संकेत वाचून लगेच सेन्सर बदलणे हे तापमापक बदलण्यासारखेच आहे.

एक उदाहरण

अभ्यासासाठी २०१८ सालच्या भारत-४ डिझेल पिकअपची कल्पना करू. मानपूरचा घाट चढताना तिचा दिवा पेटतो, काही दिवस सपाटीवर चालल्यावर विझतो. ओढ कमी झाली आहे, चढावर काळा धूर येतो आणि ॲव्हरेज १३ वरून १० वर आले आहे. स्कॅनर दोन संकेत दाखवितो : पी ०२९९ आणि पी ०१२८.

पहिल्याचा अर्थ टर्बोकडून मिळणारा हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. हे ऐकताच मालकाला नवा टर्बो घेण्याचा सल्ला मिळू शकतो, आणि तो खर्च एका हंगामाची शिल्लक खाऊन टाकील. परंतु दोषाच्या क्षणी संगणकाने जपून ठेवलेली वेग, भार व तापमान यांची नोंद पाहिल्यास दोष केवळ पूर्ण भारावर येतो, असे दिसते. हवेची गळती असल्यास नेमके असेच घडते. म्हणून क्रमाने एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी होज, त्यांच्या पट्ट्या आणि शेवटी टर्बो तपासावा. होजच्या वळणावर तेलकट काळा डाग आणि त्याखाली चीर सापडते. दाब वाढला की चीर उघडते व हवा निसटते. होज बदलल्यावर टर्बोला हात लावण्याचे कारण उरत नाही.

दुसरा संकेत इंजिनाचे पाणी योग्य तापमानापर्यंत पोहोचत नसल्याचा आहे. स्कॅनरवर चालू स्थितीतील तापमान ६० अंशांच्या आसपास घुटमळते, वास्तविक ते ८० अंशांच्या वर असावयास हवे. पाहणी केल्यावर थर्मोस्टॅट जागेवरच नाही असे आढळते. उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी आजही आहे. संगणक मात्र थंड इंजिनाला अधिक डिझेल देतो. माळव्यातील हिवाळ्याच्या रात्री ही उधळपट्टी आणखी वाढते, व इंजिनाची झीजही होते. इंजिन तापत असल्यास रेडिएटर, पंखा व पाण्याची गळती यांचा उपाय करावा, थर्मोस्टॅट काढू नये.

दोन्ही दुरुस्त्या झाल्यावर संकेत पुसावेत, त्याच घाटातून भरलेले वाहन न्यावे, आणि संकेत पुन्हा येतो काय ते पाहून टाकीची मोजणी नव्याने करावी. ही अखेरची पायरी वगळल्यास निदान खरे होते की योगायोग, हे कळत नाही. दुरुस्तीपूर्वीच संकेत पुसल्यास किंवा बॅटरीची तार काढल्यास मात्र मूळ नोंदी नष्ट होतात. म्हणून ते आधी वहीत उतरवून घ्यावेत.

सावधगिरी

जुन्या इंजिनांत कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनाच्या नोझलची नळी सैल करीत. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात असे कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार बारहून अधिक असतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम किरकोळ दिसली तरी ती गंभीर असते व रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

शाळा व ग्रामपातळीवर

इंदूरजवळील पीथमपूर येथे वाहन उद्योग उभा राहिला, आणि तेथेच ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. वाहनांची चाचणी तेथे काटेकोर मोजणीने होते. तीच शिस्त शेतकऱ्याच्या वहीतही येऊ शकते. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी वरील चढाचे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे व गावातील एका वाहनाच्या महिनाभराच्या नोंदीवरून सरासरी काढण्यास सांगावे. ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्थेने एक साधा स्कॅनर सामाईक ठेवल्यास अनेक वाहनधारकांची सोय होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल व मोटार मेकॅनिकचे प्रशिक्षणार्थी त्याचा उपयोग शिकविण्यास साह्य करू शकतील.

वही, हवेचा दाब मोजण्याचे साधन, एक स्कॅनर आणि क्रम न सोडण्याचा संयम एवढ्या सामग्रीवर बहुतेक दोषांचा माग लागतो. ज्या शेतकऱ्याने सुटा भाग विकत घेण्यापूर्वी कारण विचारले, त्याचा पैसा मंडीच्या वाटेवर न सांडता घरी पोहोचतो.