शेवटच्या नळाचे गणित

एकाच जलकुंभातून एकाच वेळी पाणी सुटते. पण उतारावरच्या घरी हंडे भराभर भरतात आणि चढावरच्या शेवटच्या घरी नळ नुसताच फुसफुसतो. असे का होते?

जालना शहराचे उदाहरण घेऊ. येथे घाणेवाडी तलावाचे आणि जायकवाडी धरणाचे पाणी येते. जायकवाडीचा जलाशय शहरापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने ते पाणी पंपांनी चढवावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर या शहराला टँकरची वाट पाहावी लागली. असे दुर्मिळ पाणी सर्वांना सारखे पोचवायचे, तर नकाशा आणि गणित यांची सांगड घालावी लागते.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, हा संगणकातील नकाशा. प्रत्येक नळाची जागा, लांबी, व्यास, व्हॉल्व्ह आणि जमिनीची उंची त्यात नोंदलेली असते. पण पाणी किती दाबाने पोचेल, हे नकाशा सांगत नाही. ते गणिताने काढावे लागते.

समजा, जलकुंभातील पाण्याची पातळी ५२० मीटर आहे. 'अ' घर ५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथवर नळातील घर्षणात ६ मीटर दाब खर्च होतो. उरला १४ मीटर. 'ब' घर ५१० मीटरवर आणि घर्षण ९ मीटर. उरला अवघा १ मीटर! प्रवाह तेवढाच ठेवून नळाचा व्यास दुप्पट केला, तर घर्षणाचा खर्च सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येतो.

शहरात नळांचे जाळे असते, म्हणून हिशेब गुंतागुंतीचा होतो. १९३६ मध्ये हार्डी क्रॉस या अमेरिकी अभियंत्याने तो टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत दिली. आज हेच काम संगणक करतो. त्यासाठीची 'एपानेट' ही आज्ञावली १९९३ पासून विनामूल्य मिळते. मात्र नकाशा बिनचूक हवा. कागदावर दोन रेषा छेदतात, तेथे नळ जोडलेले आहेत की एक दुसऱ्याखालून गेला आहे? उत्तर चुकले, तर सारे गणित चुकते.

म्हणून काही ठिकाणी दाब प्रत्यक्ष मोजतात. गणितापेक्षा तो बराच कमी भरला, तर गळती, अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह किंवा नकाशातील चूक शोधायची.

करून पाहा : गल्लीच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या घरी, मोटार न लावता, १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते एकाच वेळी मोजा. आकडे गल्लीच्या नकाशावर लिहा. पाणी कोठे अडते ते दिसू लागेल.