प्रोस्टेटचे ऑपरेशन आणि लघवीचे खालचे दार



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा लाजेचा आहे, पण काटेवाडी-भवानीनगर पट्ट्यातल्या साठीपुढच्या सभासदांनी तो वाचायलाच हवा. प्रोस्टेटचे ऑपरेशन झाल्यावर काहींची लघवी आपोआप गळते. धोतर ओले होते. मग माणूस लग्नकार्य टाळतो, वारी टाळतो, वार्षिक सभेलाही येत नाही. घरात सुनेपुढे बोलायचं कसं, म्हणून गप्प बसतो. यातले बरेचसे टाळता येते, आणि त्याची सुरुवात ऑपरेशनच्या आधी करावी लागते.

निरा डाव्या कालव्यावर दारे धरणाऱ्याला ही रचना समजावून सांगायला नको. लघवीची पिशवी म्हणजे तळे. तळ्याच्या तोंडाशी एक दार, ते आपले आपण मिटलेले असते. त्याच्या खाली प्रोस्टेटची गाठ, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. गाठीच्या लगेच खाली दुसरे दार, म्हणजे नळीभोवतीचे स्नायूंचे कडे. त्याला खालून झोळीसारखा आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आहेत. एस.टी.त बसल्यावर लघवी लागली आणि स्टँड लांब असला की आपण जे आवळतो, ते हेच दार.

आता ऑपरेशने दोन प्रकारची. वयाने गाठ वाढते, तो कॅन्सर नव्हे. त्यात दुर्बिणीतून गाठीचा आतला भाग खरवडून काढतात. वरचे दार सैल होते, पण खालचे राहते. नळीत एक छोटा उंचवटा असतो, त्याच्या खाली हत्यार न्यायचे नाही हा सर्जनचा जुना दंडक. म्हणून या ऑपरेशनानंतर कायमची गळती क्वचितच राहते.

कॅन्सरची गोष्ट निराळी. तिथे अख्खी गाठ काढावी लागते, वरच्या दाराचाही बराच भाग जातो, आणि पिशवी खाली ओढून उरलेल्या नळीला शिवतात. सगळा भार एकट्या खालच्या दारावर येतो.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू यंग यांनी १९०४ मध्ये असे ऑपरेशन केले. पुढे कित्येक वर्षे मोठी अडचण रक्तस्रावाची होती. गाठीच्या पुढच्या शिरांतून एवढे रक्त येई, की कुठे गाठ संपली आणि कुठे स्नायू लागला ते दिसतच नसे. त्याच रुग्णालयाच्या पॅट्रिक वॉल्श यांनी त्या शिरा आधी बांधण्याची पद्धत बसवली आणि १९८२ मध्ये बाजूच्या नसाही वाचवून गाठ काढली. दिसू लागले, म्हणून वाचवता आले, इतकी साधी गोष्ट आहे ही. २०१० मध्ये इटलीत मिलानच्या बोच्चार्दी यांनी यंत्राच्या साहाय्याने मागच्या बाजूने शिरून पुढचा आधार शाबूत ठेवण्याची रीत मांडली. तिने रोगी लवकर कोरडा होतो. वर्षअखेरीस मात्र इतर रीतींशी फरक कमी उरतो. तेव्हा यंत्राच्या नावावर भुलू नये, हात कोणाचा आहे ते पाहावे. सर्जनला सरळ विचारावे: अशी ऑपरेशने तुम्ही किती केली, खालची नळी किती लांब ठेवता येईल? कॅन्सर टोकाशी असेल तर स्नायूचा मोह सोडावा लागतो, हेही ऐकून घ्यावे.

आपल्या हातातले काम व्यायामाचे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगेल यांनी तो बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या बायकांसाठी सांगितला. बायकांचा म्हणून पुरुषांनी नाक मुरडू नये. आपल्याकडे हठयोगातला मूलबंध याच जातीचा. वारा सरताना अडवतो तसे आत-वर आवळायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या ताणायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. लघवीची धार मध्येच तोडून पाहणे एकदा ओळखीपुरते ठीक, रोज नको.

ऑपरेशनपूर्वी तीन-चार आठवडे हे सुरू करावे. रबरी नळी आत असेपर्यंत बंद, ती काढल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा चालू. खोकताना, शिंकताना, उकिडव्या बसण्यातून उठताना आधी आवळायचे. सुमारे दीड महिना उसाची मोळी उचलू नये, मोटारसायकलही बंद. गळतंय म्हणून पाणी पिणे तोडतात, ते चूक. चहा मात्र कमी करावा.

कॅन्सरच्या ऑपरेशनानंतर पहिले काही आठवडे गळणारच, घाबरू नये. बहुतेकांना काही महिन्यांत, वर्षाच्या आत ताबा येतो. वर्ष उलटूनही धोतर ओले राहिले तर पुन्हा मूत्रविकाराच्या सर्जनकडे जावे. पिशवीखाली कृत्रिम दार बसवण्याचे ऑपरेशनही आहे. खर्च मोठा येतो, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावे.